ब्लॅक करंटची रोपं मागवण्याआधी

तुमचे प्रश्न तीन आहेत. ब्लॅक करंट, म्हणजे थंड हवेतलं लहान काळ्या फळांचं झुडूप, याची दोन हेक्टरवर व्यापारी लागवड करायची तर रोपवाटिकेतून रोपं घ्यावीत की कुणाच्या बागेतून काड्या आणाव्यात? जात कोणती लावावी? आणि बाग उभी राहिल्यावर छाटणीच्या काड्यांची रोपं करून विकता येतील का? तिन्ही प्रश्न शेवटी काडीपाशीच येतात, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

ब्लॅक करंट काडीपासून फार सहज वाढतो. पानगळ झाली, झाड सुप्तावस्थेत गेलं की त्याच हंगामात वाढलेली, पेन्सिलीएवढ्या जाडीची पक्व काडी घ्यायची, 20 ते 25 सेंटीमीटरचे तुकडे करायचे आणि वर एक-दोन डोळे (काडीवरचे कोंब) ठेवून बाकीची काडी जमिनीत खोचायची. खालचे डोळे खुडायचे नाहीत. लाल करंटचे खुडतात, कारण त्याचं झुडूप एका खोडावर उभं करायचं असतं. ब्लॅक करंटला मात्र जमिनीखालून भरपूर फुटवे यायला हवेत. बहुतेक काड्या मुळं धरतात. त्यामुळे शेजारच्या बागेत छाटणी चालू असताना भारे फुकट मिळत असतील तर मोह होणं स्वाभाविक आहे. पण त्या काड्या आणू नका.

कारण आहे गॉल माइट हा काडीच्या डोळ्यात राहणारा, कोळ्याच्या वर्गातला जीव. तो इतका बारीक असतो की नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, आणि एका डोळ्यात हजारोंच्या संख्येने राहतो. हिवाळ्याच्या शेवटी बाग नीट पाहिली तर निरोगी डोळे लांबट, टोकदार दिसतात; कोळी शिरलेले डोळे गोल आणि फुगलेले असतात आणि पुढे धड उमलत नाहीत. फुलोऱ्याच्या सुमाराला हे कोळी बाहेर पडतात आणि वाऱ्याने, पावसाच्या थेंबांनी, किड्यांच्या अंगाला चिकटून पसरतात. त्यांनी डोळे खाल्ल्याने होणारं नुकसान एक वेळ सोसता येतं. खरा घात होतो तो त्यांच्याबरोबर येणाऱ्या, रिव्हर्जन नावाच्या रोगाच्या विषाणूने. रिव्हर्जन लागलेलं झुडूप मरत नाही, उलट जोमदार दिसतं. पण पानांच्या मुख्य शिरा आणि कडेचे दाते कमी होतात, फुलांवरची लव जाऊन कळ्या जास्त गडद रंगाच्या दिसतात आणि फळधारणा वर्षागणिक घटत जाते. यावर औषध नाही. झुडूप मुळासकट काढून जाळणं एवढाच उपाय. त्यातून लागण झाल्यावर लक्षणं स्पष्ट दिसायला एखादा हंगाम सहज जातो, म्हणजे काडी घेताना देणाऱ्यालाही ठाऊक नसतं की तो रोग देतोय. माणूस प्रामाणिक असला म्हणून काडी निरोगी असतेच असं नाही.

म्हणून माझं मत ठाम आहे: पहिली लागवड फक्त प्रमाणित रोपांची किंवा प्रमाणित काड्यांची. प्रमाणित म्हणजे ज्या मातृबागेतून काड्या घेतल्या तिची विषाणूंसाठी चाचणी झालेली आहे, ती व्यापारी बागांपासून अंतर राखून वाढवलेली आहे आणि वाढीच्या हंगामात अधिकृत तपासनिसाने तिची पाहणी केलेली आहे. रोपवाटिकेला थेट विचारा: मातृबाग किती वर्षांची आहे, शेवटची तपासणी कधी झाली, आसपास ब्लॅक करंटची जुनी बाग आहे का, आणि प्रमाणपत्र तुमच्या खेपेच्या नावाने मिळेल का. कामाची रोपवाटिका ही उत्तरं न अडखळता देते. टाळाटाळ झाली तर रोपं कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. बाग नीट ठेवली तर दहा-पंधरा वर्षं चालते. तेवढ्या काळात रोपांवर वाचवलेले पैसे कुठेच दिसत नाहीत.

संख्येचा अंदाज घ्या. यंत्राने काढणी करायची तर ओळींत साधारण 3 मीटर आणि रोपांत 40 सेंटीमीटर अंतर ठेवून सलग कुंपणासारखी ओळ वाढवतात. म्हणजे हेक्टरी 8,300 च्या आसपास रोपं, दोन हेक्टरला सोळा हजारांच्या वर. एवढी रोपं एकाच जातीत आयत्या वेळी तयार मिळत नाहीत; रोपवाटिका ती मागणीवरून वाढवते. त्यामुळे नोंदणी निदान एक वर्ष आधी करावी लागते. पैसे कमी असतील तर प्रमाणित काड्या थेट शेतात, काळ्या प्लास्टिकच्या आच्छादनातून लावता येतात आणि मोठ्या बागांमध्ये तसं करतातही. पण पहिल्या उन्हाळ्यात पाण्याची हयगय झाली तर ओळीत खाडे पडतात, आणि पीकही मुळं असलेल्या रोपांपेक्षा उशिरा हाती येतं. ठिबक तयार नसेल तर मी हा मार्ग सुचवणार नाही.

आता जात. इथे लोक आधी उत्पादन विचारतात. मी आधी तुमचा हिवाळा विचारीन. ब्लॅक करंटला सुप्तावस्था मोडायला 7 अंश सेल्सियसखालचे भरपूर तास लागतात. बहुतेक जातींना हजाराच्या वर, काही स्कॉटिश जातींना दोन हजारांच्या जवळपास. थंडी कमी पडली तर डोळे एकसारखे फुटत नाहीत, फुलोरा लांबतो आणि एकाच झुडपावर पिकलेली नि हिरवी फळं एकत्र दिसतात. यंत्राने काढणी करणाऱ्याला हे परवडत नाही. जिथे हिवाळा खरा थंड नसतो तिथे व्यापारी लागवडीचा विचारच करू नये, मग विकणारा काहीही सांगो.

स्कॉटलंडमधल्या इन्व्हरगोरी इथल्या संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या जेम्स हटन इन्स्टिट्यूटने, ‘बेन’ नावाने सुरू होणाऱ्या जातींची मोठी मालिका दिली. बेन लोमंड त्यातली जुनी आणि खूप लावली गेलेली. बेन होप गॉल माइटला दाद देत नाही म्हणून, तर बेन गेर्न रिव्हर्जनला प्रतिकारक म्हणून ओळखली जाते. पोलंडच्या टिबेन आणि टिसेल या जाती यंत्रकाढणी डोळ्यांसमोर ठेवून निवडलेल्या आहेत. फ्रान्समध्ये कासिस या ब्लॅक करंटच्या मद्यासाठी न्वार द बूर्गोन्य अजून टिकून आहे. सुगंध अप्रतिम, पण परागीकरणासाठी तिच्याजवळ दुसरी जात लावावी लागते. पाच सुयांच्या (सुईसारख्या पानांचे पाच-पाचचे झुबके असलेल्या) पाइनची जंगलं जवळ असतील तर आधी स्थानिक नियम पाहा. पाइनवरच्या ब्लिस्टर रस्ट या बुरशीचा अर्धा जीवनक्रम करंटवर होतो. म्हणूनच अमेरिकेत बराच काळ लागवडीवर केंद्र सरकारची बंदी होती. ती 1966 मध्ये उठली, तरी काही राज्यांचे निर्बंध कायम राहिले. कॅनडाची कॉन्सॉर्ट आणि स्वीडनची टायटानिया या जाती या रोगाला प्रतिकारक म्हणून लावल्या गेल्या, पण त्यांच्या प्रतिकारालाही न जुमानणारा बुरशीचा प्रकार पुढे कनेक्टिकटमध्ये आढळला. शिवाय कॉन्सॉर्टवर भुरी लवकर येते.

हे सगळं ठरवण्याआधी गिऱ्हाईक ठरवा. ताज्या फळाची बाजारपेठ लहान असते, मोठा माल रस, गोठवलेलं फळ आणि सिरप यांकडे जातो. ब्रिटनमधलं बहुतेक पीक एकट्या रिबेना या पेयासाठी करारावर पिकतं, आणि तिथे कारखान्याला हवी तीच जात लावली जाते. करार नसताना दोन हेक्टर लावले तर काढणीच्या आठवड्यात समोरचा देईल तो भाव घ्यावा लागतो.

लागवडीबद्दल थोडक्यात. बारमाही तणं आधी संपवा, कारण मुळं उथळ असतात आणि नंतर खोल कोळपणी करता येत नाही. मातीचा सामू (pH) 6 ते 6.5, निचरा चांगला. खोलगट जागा नको, थंड हवा तिथे साचते आणि उमललेली फुलं उणे 2 अंशांच्या आसपास जळतात. रोपं रोपवाटिकेत होती त्यापेक्षा पाचेक सेंटीमीटर खोल लावा आणि लगेच जमिनीवर एक-दोन डोळे ठेवून छाटा. पहिल्या उन्हाळ्यात फळ मिळत नाही याचं वाईट वाटतं, पण फळ मुख्यतः आदल्या वर्षीच्या काडीवर येतं, म्हणून पहिलं वर्ष काड्या वाढवण्यासाठीच द्यायचं. यंत्राने काढण्याजोगं पीक साधारण तिसऱ्या वर्षी येतं.

राहिला विक्रीचा प्रश्न. फळांच्या बागेतल्या छाटणीच्या काड्या विकू नका. एक तर नव्या जातींवर पैदासकाराचे हक्क असतात. युरोपीय संघात ब्लॅक करंटसारख्या झुडपांसाठी ते 30 वर्षं टिकतात आणि परवान्याशिवाय रोपं करून विकणं हा त्यांचा भंग ठरतो. दुसरं, फळबाग कितीही स्वच्छ ठेवली तरी ती मातृबाग नसते. तिच्यात वर्षभर माणसं, यंत्रं, किडे फिरत असतात. रोपवाटिका खरंच करायची असेल तर वेगळी जागा घ्या, तिथे उच्च दर्जाच्या प्रमाणित रोपांची छोटी मातृबाग लावा, तिच्यावर फळ धरू नका, दर हिवाळ्यात झुडूपन् झुडूप फिरून फुगलेला डोळा दिसला की ते उपटा, आणि जातीचा परवाना व तपासणीची नोंदणी पहिल्या वर्षीच करून घ्या.

तुमच्याकडे 7 अंशांखालचे तास किती भरतात आणि जवळचा प्रक्रिया कारखाना कोणती जात घेतो, एवढं कळवा. मग दोन-तीन जातींवर नेमकं बोलता येईल.