टेसरॅक्टमधून मराठीऐवजी कचरा येतो तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे: १९४०च्या आसपास छापलेल्या, २४० पानांच्या एका मराठी पुस्तकाची स्कॅन केलेली पीडीएफ आहे. टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रामने (ओसीआर म्हणजे प्रतिमेतली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणे) आधी पीडीएफ उघडायलाच नकार दिला. मग पानांचे पीएनजी दिले, तर रोमन अक्षरांचा चिवडा बाहेर आला. दुसरे एखादे विकतचे सॉफ्टवेअर घ्यावे का?

घेऊ नका. टेसरॅक्ट या कामाला पुरेसे आहे. १९८५ ते १९९४ या काळात ते ह्यूलेट-पॅकार्डमध्ये तयार झाले, २००५ मध्ये मुक्त स्रोत झाले आणि २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून अख्खी ओळ एकदम वाचणारे न्यूरल इंजिन त्यात आले. मराठीसाठी चौथी किंवा पाचवी आवृत्तीच हवी, तिसरी असेल तर आधी बदला. कमांड एका ओळीची आहे. खरी मेहनत पान तयार करण्यात आणि नंतर मुद्रितशोधनात आहे, त्यामुळे माझे उत्तरही त्याच दोन जागी लांबेल.

(कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना रोमन लिपीतली लहान अक्षरे घ्या.)

चिवडा का आला ते आधी सांगतो. भाषा सांगितली नाही तर टेसरॅक्ट इंग्रजी गृहीत धरते आणि देवनागरी आकारांना सर्वांत जवळची रोमन अक्षरे चिकटवते. मराठीचा संकेत ‘मार’ आहे, म्हणजे एम-ए-आर. तो तुमच्याकडे आहे का, हे ‘टेसरॅक्ट --लिस्ट-लँग्ज’ दिल्यावर कळेल. यादीत नसेल तर उबुंटू-डेबियनवर ‘टेसरॅक्ट-ओसीआर-मार’ हे पॅकेज घ्या, मॅकवर होमब्रूमधून ‘टेसरॅक्ट-लँग’. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये जादा भाषांच्या यादीत मराठीवर खूण करायची राहून जाते, तिथे पाहा. संकेत दिल्यावरही ‘डेटा फाइल उघडता येत नाही’ अशी तक्रार आली, तर मराठीची फाइल ‘टेसडेटा’ फोल्डरमध्ये नाही किंवा टेसरॅक्ट भलत्याच फोल्डरमध्ये शोधते आहे.

आता पीडीएफ. टेसरॅक्ट फक्त प्रतिमा वाचते, म्हणून पाने सुटी करावी लागतात. त्याआधी ‘पीडीएफफॉन्ट्स’ ही पीडीएफमधल्या फॉन्टची यादी देणारी कमांड चालवून पाहा. यादी रिकामी आली तर फाइल खरोखर स्कॅन आहे. त्यात श्रीलिपी वगैरे जुन्या फॉन्टची नावे दिसली, तर ते स्कॅन नाही. तिथे ओसीआर न करता फॉन्ट परिवर्तक (जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्राम) वापरा, निकाल कितीतरी शुद्ध मिळेल.

स्कॅनच असेल तर ‘पीडीएफइमेजेस -लिस्ट’ देऊन आतल्या प्रतिमांचे मूळ रिझोल्यूशन बघा. हे पाऊल बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात. स्कॅन मुळात १५० डीपीआयचे (म्हणजे दर इंचाला १५० पिक्सेल) असेल तर ३०० वर काढून पिक्सेल वाढतात, तपशील वाढत नाही. हिशोब सोपा आहे: १२ पॉइंटचा टाइप म्हणजे इंचाचा सहावा भाग. ३०० डीपीआयला त्याला ५० पिक्सेल उंची मिळते, १५० ला २५. त्या २५ पिक्सेलमध्ये वरची मात्रा, अनुस्वार, शिरोरेषा, अक्षर आणि खालचा उकार एवढे सगळे कोंबलेले असते. रोमन लिपी यात निभावून जाते, देवनागरी नाही. शक्य असेल तर पुस्तक पुन्हा ३०० ला, ग्रेस्केलमध्ये (करड्या छटांत) स्कॅन करा. टाइप बारीक असेल तर ४०० ला. पाने काढायची कमांड अशी (पहिला शब्द सलग, ‘टू’ म्हणजे टी-ओ):

पीडीएफटूपीपीएम -आर ३०० -ग्रे -पीएनजी पुस्तक.पीडीएफ पान

यातून पान-००१, पान-००२ अशा फाइली निघतात. क्रमांकाआधी शून्ये असल्याने क्रम बिघडत नाही. फोनवर काढलेले पान१, पान२, पान१० असे फोटो असतील तर वर्णक्रमाने १० हे २ च्या आधी येते. तेव्हा यादी ‘एलएस -व्ही’ने करा.

ग्रेस्केल का, ते एका उदाहरणात दाखवतो. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला मुख्य फरक शिरोरेषेतल्या फटीचा. स्कॅनरवर थेट काळे-पांढरे निवडले की शाई पसरल्यासारखी होते, ती दोन-तीन पिक्सेलची फट बुजते आणि ‘धन’चे ‘घन’ होते, ‘भाग’चा ‘माग’. दोन्ही शब्द खरे असल्याने शुद्धलेखन तपासनीसही काही बोलत नाही. ग्रेस्केलमध्ये त्या फटीची फिकट सावली तरी शिल्लक राहते.

पान तिरके असेल तर इमेजमॅजिक या प्रतिमा सुधारण्याच्या प्रोग्रामचे ‘-डीस्क्यू ४०%’ लावा. शिवणीच्या बाजूची काळी पट्टी कापून टाका, नाहीतर तिच्यातूनही ‘अक्षरे’ वाचली जातात. मात्र मजकुराला अगदी चिकटून कापू नका, चहूबाजूंनी दहाएक पिक्सेल पांढरी जागा असू द्या. कागद पिवळा पडला असेल किंवा शिवणीकडे सावली असेल, तर पाचव्या आवृत्तीत ‘-सी थ्रेशोल्डिंग_मेथड=२’ देऊन बघा. ही सोवोला पद्धत पानाच्या प्रत्येक भागासाठी उंबरठा (किती गडद ठिपका काळा धरायचा ती सीमा) वेगळा काढते. नेहमीची ओत्सू पद्धत अख्ख्या पानाला एकच उंबरठा लावते, म्हणून सावलीतल्या ओळी काळ्या डागात बुडतात.

एवढे झाल्यावर कमांड. २४० वेळा चालवायची गरज नाही. प्रतिमांची नावे एकाखाली एक लिहिलेली मजकूर फाइल टेसरॅक्ट स्वीकारते:

टेसरॅक्ट यादी.टीएक्सटी पुस्तक -एल मार --पीएसएम ४ --डीपीआय ३०० टीएक्सटी पीडीएफ टीएसव्ही

निकालाच्या नावाला शेपूट लावू नका, ते आपोआप लागते. नाहीतर ‘पुस्तक.टीएक्सटी.टीएक्सटी’ तयार होते. शेवटच्या तीन शब्दांमुळे एकाच फेरीत साधा मजकूर, शोधता येणारी पीडीएफ आणि प्रत्येक शब्दाचा तक्ता असे तिन्ही मिळते. ‘पीएसएम’ म्हणजे पानाची मांडणी: ४ म्हणजे एक स्तंभ, त्यात लहानमोठे टाइप चालतात. तुमच्या पुस्तकाला हेच ठीक. दोन स्तंभांच्या मासिकाला ३ ठेवा. तिथे ६ दिले तर डाव्या स्तंभाची ओळ संपल्यावर उजव्या स्तंभाची ओळ तिलाच जोडली जाते.

‘मार+इंग्लिश’ (दुसरा संकेत ई-एन-जी) असा जोड सरसकट देऊ नका. पानात इंग्रजी शब्द दोन-चारच असतील तर ते हाताने घाला. जोड दिला की वेग उतरतो आणि देवनागरी अंकांच्या जागी रोमन अंक घुसू लागतात. लिनक्सच्या पॅकेजमध्ये मराठीचे ‘फास्ट’ मॉडेल, म्हणजे अक्षरे ओळखायला शिकवलेली डेटा फाइल, येते. ‘बेस्ट’ नावाचे मॉडेल वेगळे उतरवून ‘--टेसडेटा-डिर’ने दाखवता येते. ते हळू चालते, पण जुन्या छपाईवर आधी दहा पाने दोन्हींनी करून तुलना करणे फायद्याचे.

आता मुद्रितशोधन, आणि जुन्या पुस्तकात हेच सर्वांत नाजूक. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे. त्याआधीच्या पुस्तकात ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘तें’ असे अनुस्वार असणारच. मॉडेल आजच्या मजकुरावर शिकलेले, त्यामुळे ते कुठे अनुस्वार देते, कुठे गाळते, आणि एकाच पानावर ‘नाही’ व ‘नाहीं’ दोन्ही सापडतात. कृपया शोधा-आणि-बदला करून सगळे आजच्या वळणावर आणू नका. ‘घरी’ आणि ‘घरीं’ यांत त्या काळच्या लेखकाने फरक केलेला असतो, तो फरक मुद्रितात उतरलाच पाहिजे. पुस्तकात अि, अु, अे अशी ‘अ’ची बाराखडी वापरली असेल तर तिथेही मॉडेल अडखळते, ती पाने हाताने टंकायची तयारी ठेवा. जुन्या टाइपातला ‘ख’ हमखास ‘रव’ होतो. ‘ब’ आणि ‘व’, ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’ यांवरही डोळा ठेवा.

आधी कुठे बघायचे, हे टीएसव्ही, म्हणजे वर मिळालेला शब्दांचा तक्ता, सांगतो. त्यातला अकरावा रकाना खात्रीचा, शून्य ते शंभर, आणि बारावा शब्दाचा. उणे एक असलेल्या ओळी परिच्छेद, ओळ वगैरे रचनेच्या, त्या सोडा. ७० च्या खालचे शब्द ऑक (ए-डब्ल्यू-के) या कमांडने वेगळे काढून आधी तेवढे दुरुस्त करा. पण ‘घन’सारखी चूक चांगल्या खात्रीनेही येते, म्हणून मूळ पान शेजारी ठेवून एक पूर्ण वाचन टळत नाही.

शोध घेण्याआधी ‘ऱ्य’ तपासा. ‘दुसऱ्या’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येते: नुक्ता असलेला ‘ऱ’ आणि हलन्त, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एक टाइप करून शोधले की दुसरे सापडत नाही. सेड (एस-ई-डी) या शोधा-आणि-बदला कमांडने अख्ख्या फाइलीत एकच तऱ्हा करून घ्या. प्रत्येक पानाच्या शेवटी फॉर्म-फीड हे पान संपल्याचे चिन्हही येते. ते ‘-सी पेज_सेपरेटर=’ने बंद करता येते, पण मुद्रितशोधन संपेपर्यंत राहू द्या, कारण मजकुरातली ओळ मूळ कोणत्या पानावरची ते त्यावरूनच कळते.