सायकलच्या लोखंडी हँडलवर आणि पत्र्याच्या टूलबॉक्सवर लेदर चढवायचंय. कुठला गम लावू म्हणजे टिकेल?

गमाचं नंतर बघू. आधी एक गोष्ट: उघडं लोखंड आणि कमावलेलं चामडं यांचं आपसात जमत नाही. माझं पहिलं हँडल त्यातच वाया गेलं.

मी बेळगावचा, उद्यमबागेत फॅब्रिकेशनचं काम करतो. घरातली जुनी सायकल नवी करायला घेतली होती. हँडलवरचा जुना रंग घासून काढला, बफ मारून चकचकीत केलं. चामडं भिजवून ओलंच ताणून शिवलं, म्हटलं वाळलं की आवळून बसेल. बसलंही झकास. सकाळी बघतो तर टाक्यांच्या भोकांपासून निळसर काळे डाग पसरलेले, शाई सांडल्यासारखे. अथणीचे एक चप्पल करणारे मामा ओळखीचे आहेत. त्यांना दाखवलं तर हसलेच. "ओलं चामडं उघड्या लोखंडावर घातलास होय? काळं पडतंयच की!"

कारण साधं आहे. आपल्याकडचं चपलेचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात. त्यातलं टॅनिन, म्हणजे सालीतला तुरट अंश, ओलाव्यात लोखंडाला लागलं की काळं होतं. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो ना, तेच हे. वरवरचा डाग लिंबाच्या पातळ रसानं फिका होतो. माझा आरपार गेला होता. शिवाय चामडं जरा आम्लधर्मी असतं, त्यामुळे आतून गंजही धरतो. पितळेवर हिरवं येतं, जुन्या पट्ट्याचं बक्कल काढून बघा. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम त्या मानानं निवांत.

म्हणून मध्ये पडदा पाहिजे. पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची भुकटी भाजून चढवलेला थर, सगळ्यात उत्तम, पण ते भट्टीत साधारण २०० अंशाला भाजतात, म्हणजे चामडं चढवण्याआधीच करून घ्यायचं. नाहीतर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात. पूर्ण वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं नुसती चमक मोडा, खरवडून लोखंड उघडं पाडू नका.

चामडं घेताना आधी मागची बाजू बघा. कापडाची वीण दिसली तर ते रेक्झिन, दुकानदार काहीही म्हणो. कापलेल्या कडेला निळसर करडी छटा असेल तर बहुधा क्रोमचं, म्हणजे सालीऐवजी क्रोमच्या क्षारात कमावलेलं. ते मऊ असतं, पण भिजवून आकार द्यायला उपयोगाचं नाही. हँडलला शेळीचं एक मिमी जाडीचं घ्या. चपलेच्या तळाचं म्हशीचं जाड चामडं पाइपवर वळता वळत नाही. आपल्या भागात माल आणि हात दोन्ही आहेत. कोल्हापुरी चपलेचा जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, २०१९ मध्ये महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून मिळाला, त्यात बेळगाव आहे. (सीमाप्रश्न जिथल्या तिथे, चप्पल मात्र दोन्हीकडची.)

आता माप. पाइपचा व्यास २२ मिमी, चामडं एक मिमी, तर चामड्याच्या जाडीच्या मध्यावरचा घेर साधारण ७२ मिमी येतो. मी ७० कापतो. उरलेले दोन मिमी दोऱ्यानं ओढून मिटवायचे, त्यातच सगळा घट्टपणा आहे. पुरतं ७२ कापलंत तर शिवण छान मिटते आणि मूठ पाइपवर गोल फिरते. कापण्याआधी तुकडा दोन्ही अंगांनी ओढून बघा. जिकडे जास्त ताणतो ते अंग घेराच्या दिशेनं ठेवा. भोकं कडेपासून चार मिमी आत, एकमेकांपासून पाच मिमीवर, आणि दोन्ही कडांना मोजून सारखी. एक जरी कमी-जास्त झालं तर शिवण पिळवटत जाते. आरीनं (चांभाराच्या टोच्यानं) आधी सपाटीवर टोचून घ्या. मेण लावलेला नायलॉनचा दोरा, दोन टोकांना दोन सुया, शिवण खालच्या बाजूला. सुती दोरा नको, आपल्या पावसाळ्यात कुजतो.

गम म्हणाल तर चपलेला लावतात ते सोल्युशन. पांढरा फेविकॉल नको, तो पाण्यातला. दोन्हीकडे पातळ हात मारा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासं झालं की दाबा. इथे सगळे घाई करतात. ओलं असतानाच दाबलं तर आत फुगे राहतात. आणि एकदा टेकलं की सरकत नाही, म्हणून मधोमध टेकवून बाहेर दाबत जा. दार-खिडक्या उघड्या ठेवा, वास डोक्यात जातो.

टूलबॉक्ससाठी चामडं पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत भिजवा. डब्याला आधी प्लॅस्टिक गुंडाळा, त्यावर चामडं चमच्याच्या पाठीनं कोपऱ्यांत दाबत बसवा. गरम पाणी नको, आक्रसून कडक होतं. उन्हातही नको, सावलीत दिवसभर. वाळलं की उतरवा, प्लॅस्टिक काढा, कडा रापीनं (चांभाराच्या धारदार पात्यानं) निम्म्यापेक्षा पातळ छिला आणि मगच चिकटवा. छिलल्याशिवाय दुमडलेली कड जाड राहते आणि पहिल्यांदा तिथूनच सुटते. रापी चालवणं जमत नसेल तर सरळ चप्पलवाल्याकडे न्या. त्याला पाच मिनिटांचं काम, तुम्ही अंगठा कापून घ्याल.

ब्रेकच्या लिव्हरवर मात्र चढवू नका, ओल्या हाताला घसरतं. पाइप २२ चा नसेल तर व्यास आणि चामड्याची जाडी कळवा, कापायचं माप काढून देतो.