डीव्हीडी रेकॉर्डरवर भरलेली डिस्क दुसरीकडे का चालत नाही? -आर, +आर, आरडब्ल्यू, रॅम यांतली कोणती घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या रेकॉर्डरवर लग्नाची व्हीएचएस कॅसेट डिस्कवर उतरवली, त्याच रेकॉर्डरवर ती छान दिसते, पण बहिणीच्या प्लेअरवर 'नो डिस्क' येतं आणि लॅपटॉप ती कोरी म्हणून दाखवतो. आधी एक विनंती: ती डिस्क फेकू नका, आणि कुठल्याही यंत्राने 'फॉरमॅट करू का' विचारलं तर नाही म्हणा. तुमचं रेकॉर्डिंग बहुधा जागेवर आहे. फक्त डिस्क फायनलाइझ करायची राहिली आहे.

रेकॉर्डर चित्र आणि आवाज डिस्कवर लिहीत जातो, पण अनुक्रमणिका आणि 'इथे संपलं' ही शेवटची खूण तो मागे ठेवतो. तुम्ही उरलेल्या जागेत अजून काही भराल, हे तो गृहीत धरतो. स्वतःची अर्धवट वही त्याला वाचता येते. बाकीच्या प्लेअरांना मात्र पूर्ण झालेली, बांधलेली वही लागते. तेव्हा डिस्क त्याच रेकॉर्डरमध्ये घाला, सेटअपमध्ये 'डिस्क' किंवा 'डिस्क मॅनेजमेंट' असं काहीतरी सापडेल, त्यात 'फायनलाइझ' निवडा. काही मिनिटं लागतात. त्या काळात वीज गेली तर डिस्क कायमची खराब होऊ शकते, म्हणून तुमच्याकडे भारनियमन असेल तर रेकॉर्डर इन्व्हर्टरवर लावूनच हे करा.

मी हे इतक्या कळकळीने सांगतोय, कारण माझ्यावर हा प्रसंग आला आहे. मामेबहिणीच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये आजी घाणा भरताना ओव्या म्हणते. तिच्या आवाजाचं आमच्याकडे तेवढंच आहे. ती कॅसेट मी डीव्हीडी-आरवर उतरवली, वीसेक मिनिटांची जागा उरली म्हणून फायनलाइझ केलं नाही, आणि दोन आठवड्यांत रेकॉर्डर बंद पडला. दोन संगणकांच्या ड्राइव्हनी डिस्क कोरी असल्याचं सांगितलं. तिसऱ्या ड्राइव्हमध्ये 'आयसोबस्टर' या प्रोग्रॅमला आतले ट्रॅक दिसले आणि सगळं बाहेर काढता आलं. तुमचाही रेकॉर्डर कधी बंद पडला तर हा मार्ग लक्षात ठेवा: एका ड्राइव्हने नकार दिला तर दुसरा, तिसरा वापरून पाहा. त्याच कंपनीचा तसाच दुसरा रेकॉर्डर कुणाकडे असेल तर त्यावर फायनलाइझ होण्याचीही चांगली शक्यता असते.

आता डिस्कच्या प्रकारांकडे येऊ. वजा आणि अधिक ही दोन वेगळी घराणी आहेत. डीव्हीडी-आर 1997 मध्ये पायोनियरने आणली. फिलिप्स, सोनी वगैरे कंपन्यांच्या गटाने नंतर 2001 मध्ये +आरडब्ल्यू आणि 2002 मध्ये +आर आणली. दोन्हींची क्षमता 4.7 जीबीच (संगणक ती 4.38 दाखवतो, कारण तो 1024 च्या पटीत मोजतो, डिस्क कमी भरलेली नसते). बघणाऱ्याच्या दृष्टीने चित्रात काही फरक नाही. फरक आहे तो लेझरला वाट दाखवणाऱ्या कोऱ्या खाचेच्या आखणीत, म्हणून फक्त वजा ओळखणारा रेकॉर्डर अधिक डिस्कवर लिहू शकत नाही. रेकॉर्डरच्या दर्शनी भागावर छापलेली चिन्हं पाहा. त्यात जी नावं आहेत तेवढ्याच डिस्क आणा.

-आर आणि +आर यांत सेंद्रिय रंगाचा थर असतो, लेझरने तो एकदा भाजला की संपलं, पुन्हा लिहिता येत नाही. आरडब्ल्यूमध्ये धातूच्या मिश्रणाचा थर असतो. तो तापवून अवस्था बदलता येते, म्हणून साधारण हजार वेळा पुसून लिहिता येतं. रॅम ही त्याहून दणकट, लाखभर वेळा लिहिता येणारी. बारीक पाहिलंत तर तिच्या पाठीवर छोट्या आयतांची नक्षी दिसते. काही रॅम तर प्लास्टिकच्या खोक्यात बंद असतात. रेकॉर्डिंग चालू असतानाच त्याचा आधीचा भाग बघायची सोय रॅमवर मिळते. पण घरातल्या बहुतेक साध्या प्लेअरांना रॅम वाचता येत नाही. नातेवाइकांना वाटायचं असेल तर रॅम घेऊ नका.

-आरडब्ल्यू घातल्यावर रेकॉर्डर 'व्हिडिओ' की 'व्हीआर' असं विचारतो, आणि बहुतेक लोक इथेच फसतात. व्हीआरमध्ये मधला नकोसा भाग कापता येतो, प्रसंगांचा क्रम बदलता येतो. फार सोयीचं आहे ते, पण अशी डिस्क अनेक प्लेअर वाचतच नाहीत, फायनलाइझ करूनही नाही. संगणकावर ती उघडली तर 'डीव्हीडी_आरटीएव्ही' नावाचा फोल्डर दिसतो. त्यातली व्हीआरओ फाइल बऱ्याचदा 'व्हीएलसी' या व्हिडिओ बघायच्या प्रोग्रॅमवर चालते. व्हिडिओ मोडमध्ये कापाकापी जवळजवळ नाही, पण फायनलाइझ केली की डिस्क बहुतेक सगळीकडे चालते. मोड नंतर बदलायचा तर डिस्क पूर्ण पुसावी लागते, म्हणून सुरुवातीलाच ठरवा. +आरडब्ल्यूला हा प्रश्न नाही, ती बहुधा फायनलाइझ न करताही दुसरीकडे चालते. +आरला मात्र फायनलाइझ करावंच लागतं.

वेळेचं गणितही आधी करा. एक्सपी, एसपी वगैरे हे रेकॉर्डिंगच्या दर्जाचे मोड: एक्सपीमध्ये एका डिस्कवर एक तास, एसपीमध्ये दोन, एलपीमध्ये चार, ईपीमध्ये सहा. जागा तीच, म्हणजे तास वाढले की दर सेकंदाला मिळणारी माहिती घटते: एसपीत सेकंदाला सुमारे 5 मेगाबिट, एलपीत त्याच्या निम्मी. व्हीएचएसच्या चित्रात मुळातच बारीक खरखर असते, आणि कमी माहितीत ती खरखर चौकटी होऊन दिसते. लग्नाच्या कॅसेटी बहुधा ई-180, म्हणजे तीन तासांच्या. मी तरी एलपीत कोंबण्यापेक्षा एसपीत दोन डिस्क करीन, मंगलाष्टकांच्या आधी एक आणि नंतर दुसरी. दुहेरी थराच्या 8.5 जीबीच्या डिस्कवर एसपीत साडेतीन तास मावतात, पण दुहेरी थराच्या +आर डिस्क 2004 मध्ये बाजारात आल्या, -आरच्या त्यानंतर. त्याआधीचे रेकॉर्डर त्या ओळखत नाहीत.

तुमच्या कामासाठी माझी पसंती: सरावाला एक आरडब्ल्यू, आणि कायमचं ठेवायला डीव्हीडी-आर, व्हिडिओ मोडमध्ये, त्याच दिवशी फायनलाइझ करून. वर कागदी लेबल चिकटवू नका, डिस्कसाठीच्या मार्करने नाव लिहा आणि ती उन्हापासून दूर, पेटीत उभी ठेवा. फायनलाइझ झाल्यावर 'व्हिडिओ_टीएस' फोल्डर संगणकावर उचलून हार्ड डिस्कवरही ठेवा. आत साधारण एक-एक जीबीच्या व्हीओबी फाइल असतील, त्या तशाच चालतात.

आजच्या आज आधीची डिस्क रेकॉर्डरमध्ये घालून फायनलाइझ करा. 'फायनलाइझ' हा पर्याय मेनूत धूसर दिसत असेल आणि निवडता येत नसेल, तर डिस्कवर छापलेलं पूर्ण नाव आणि रेकॉर्डरचं मॉडेल इथे लिहा, मी पाहतो.