कॉर्टिसॉल नॉर्मल आलंय, मग स्टिरॉइड कशाला?

प्रश्न: मॅडम, माझ्या बहिणीला २६व्या आठवड्यातच मुलगा झाला, वजन ८५० ग्रॅम, एनआयसीयूत आहे. बीपी खाली जातंय म्हणून आधी सलाइन दिलं, मग डोपामिन चालू केलं, डोस वाढवत नेला तरी आकडा वर येईना, आता हायड्रोकॉर्टिसोन देतायत. पण रक्तातलं कॉर्टिसॉल तर नॉर्मल आलंय म्हणे! मग स्टिरॉइड कशाला? घरात सगळे घाबरलेत. – बाळाची मावशी

उत्तर: मावशी, स्टिरॉइड म्हटलं की पोटात गोळा येतो हे मान्य, पण हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे आपलं शरीर बनवतं तेच कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन, फक्त बाहेरून दिलेलं. किडनीच्या वर ॲड्रिनल ग्रंथी असतात, त्या हे बनवतात. पोटातल्या बाळात त्या अंगाच्या मानाने चांगल्या मोठ्या असतात, पण त्यातला बराचसा भाग वेगळंच हार्मोन बनवत बसलेला असतो, कॉर्टिसॉलचं काम नीट जमायला लागतं ते शेवटच्या काही आठवड्यांत. तुमचं बाळ त्याआधीच बाहेर आलं.

आता 'नॉर्मल'चं बघू. एवढं आजारी बाळ, त्याचं कॉर्टिसॉल खरं तर चांगलंच वर जायला हवं. ते नुसतं नॉर्मल राहिलं तर याचा अर्थ गरज वाढली आणि पुरवठा तेवढाच राहिला असाही असू शकतो. शिवाय एकाच वेळच्या आकड्याचा बीपीशी थेट मेळ बसेलच असं नाही, म्हणून मी तरी फक्त त्या रिपोर्टवर निर्णय घेत नाही.

डोपामिन का चालेना? औषध रक्तवाहिनीच्या ज्या रिसेप्टरना जाऊन चिकटतं ते सतत डोस मिळत राहिला की कमी होत जातात, म्हणजे दार ठोठावतोय पण उघडायला कोणी नाही. कॉर्टिसॉल ते रिसेप्टर पुन्हा वाढवतं. परिणाम बहुतेक वेळा काही तासांत दिसतो आणि डोपामिन हळूहळू उतरवता येतं.

२६ आठवड्यांच्या बाळाचं सरासरी बीपी निदान २६च्या आसपास हवं हा निव्वळ ठोकताळा आहे हं, मॉनिटरकडे टक लावून बसू नका. सिस्टर बाळाच्या छातीवर बोट दाबून सोडतात आणि फिकी पडलेली जागा किती सेकंदांत गुलाबी होते ते मोजतात, डायपर काढला की त्याचं वजन करतात, त्यावरून लघवी कळते. रक्त नीट पोचतंय का हे त्यावरून जास्त कळतं.

तोटे आहेतच: साखर वाढते, इन्फेक्शनचा धोका असतो. आणि हृदयाजवळची, जन्मानंतर एरवी आपोआप बंद होणारी नळी बंद करायला इंडोमेथॅसिन हे औषध चालू असेल तर सोबत हायड्रोकॉर्टिसोन दिल्याने आतड्याला भोक पडायची शक्यता वाढते, तेव्हा हा एक प्रश्न डॉक्टरांना आजच विचारा. दुसरा, हे किती दिवस चालणार आणि बंद कसं करणार.