करंट लावला तर पायात ताकद येईल का हो मॅडम?

हा प्रश्न गेल्या दीड-दोन वर्षांत मला इतक्यांदा आलाय की आता फोनवर पहिलं वाक्य ऐकलं की पुढचं मला कळतं. जळगाव, धुळे, चोपडा, पाचोरा, कुठूनही असो, मुलगा किंवा सून म्हणते, मॅडम, आप्पांचे पाय बारीक झालेत, उठताना त्रास होतो, आम्ही ते ईएमएसचं मशीन मागवलं, करंट लावून व्यायाम होतो ते, पण आप्पा हातच लावत नाहीत, दिवसभर गप्प बसून असतात, डिप्रेशन तर नसेल ना, तुम्ही जरा समजवा. म्हणजे प्रश्न मशीनचा असतो आणि येतो समुपदेशकाकडे, आणि मला वाटतं तो बरोबर ठिकाणी येतो.

आज एका घराची गोष्ट सांगते. परवानगी घेतलीय, ओळखीच्या खुणा बदलल्यात, आणि पाच-सहा महिन्यांची सेशन्स इथे थोडक्यात आणलीत.

आप्पा ७१ वर्षांचे. मूळचे अमळनेरकडचे, नोकरी भुसावळला इलेक्ट्रिक लोको शेडमधे फिटर म्हणून, घरही तिथेच बांधलेलं. धाकटा मुलगा पुण्यात, त्याने स्वतः तिकडे एका स्टुडिओत ईएमएसचा सूट घालून व्यायाम केला होता, भारी वाटलं म्हणून वडिलांसाठी घरी वापरायचं छोटं मशीन घेतलं, चार पॅडचं. ते तीन महिने कपाटात बॉक्समधेच पडून.

पहिल्या दिवशी मुलगाच बोलत होता. आप्पा खुर्चीच्या कडेवर, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर खाली. मी मुलाला बाहेर बसायला सांगितलं आणि मशीनचा विषयच काढला नाही. शेडमधे काय काम करायचात असं विचारलं. दहा मिनिटांत माणूस बदलला. सांगायला लागले, वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतो ताई, पेंटोग्राफ, म्हणजे तारेतून करंट घेणारी छतावरची चौकट, खाली घेतल्याशिवाय आणि अर्थिंग केल्याशिवाय इंजिनाच्या छतावर पाय ठेवायचा नाही, मी पोरांना शिकवायचो, करंटला मान द्या, त्याला अंगाला लागू द्यायचं नाही.

आणि मग स्वतःच म्हणाले, "आयुष्यभर करंट अंगाला लागू दिला नाही, आता पोरगा म्हणतो पायाला लावून घ्या."

मला वाटलं सापडलं, भीती करंटची आहे. मी समजावलं पण, की हे मशीन बॅटरीवर चालतं, मिलिअँपिअरमधला करंट, सेकंदाच्या अगदी बारीक भागापुरत्या ठोक्यांनी येतो, स्नायूकडे जाणाऱ्या नसेला जागं करतो आणि स्नायू आकसतो. त्यांनी सगळं ऐकलं, मान हलवली, त्यांना तर ते माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. आणि पुढच्या वेळी आले तेव्हा मशीन अजूनही बॉक्समधेच. म्हणजे भीती करंटची नव्हती. इतकी वर्षं हे काम करून एक गोष्ट पक्की शिकलेय, माणूस जे कारण पहिल्यांदा देतो ते खोटं नसतं पण शेवटचंही नसतं.

तिसऱ्या भेटीत विचारलं, "आप्पा, दिवसातून किती वेळा उठता खुर्चीतून?"

हिशोब करून म्हणाले, "पाच-सहा. पाणी सून आणून देते, ताट जागेवर, टीव्हीचा रिमोट हातात."

"आणि बाहेर?"

"बाहेर आता जात नाही."

"कधीपासून?"

बराच वेळ गेला. मग पुतण्याच्या लग्नाचं सांगितलं. पंगत बसलेली, वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी, मांडी घालून पोटभर जेवले, आणि उठायला गेले तर उठताच येईना. एक हात जमिनीवर, दुसरा गुडघ्यावर, दोनदा प्रयत्न केला. मग मुलाने आणि अजून एकाने मागून येऊन दोन्ही काखेत हात घालून उचललं. कुणीतरी म्हणालं, आप्पा थकले आता. वाईट हेतूने नाही म्हटलं कुणी. पण त्या दिवसापासून आप्पांनी पंगत सोडली, मग लग्नं सोडली, मग ओट्यावर बसणं पण सोडलं.

त्यांचं वाक्य मी जसंच्या तसं लिहून ठेवलंय. "माणसानं स्वतःच्या बळावर उठलंच पाहिजे ताई, नाहीतर उठूच नये."

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीतली, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेने काम करणारी, त्यामुळे असा 'च' ऐकला की माझे कान टवकारतात. उठायला आवडेल, उठता यावं, इथपर्यंत इच्छा निरोगी असते. तिला 'च' लागला की ती हुकूम होते, आणि शरीर हुकूम पाळू शकलं नाही की माणूस प्रयत्नच बंद करतो. इथे तर गंमत नाही, शोकांतिका होती, कारण न उठण्यानेच न उठता येणं वाढत होतं. तिशीनंतर स्नायू दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के कमी होतात, साठीनंतर वेग वाढतो, ताकद तर त्याहून जास्त भराभर जाते. याला सार्कोपेनिया म्हणतात, शब्द १९८९ चा, म्हणजे आप्पांच्या नोकरीपेक्षा पण तरुण. आणि निरोगी म्हाताऱ्या माणसांना फक्त १० दिवस अंथरुणावर झोपवून ठेवलं तर पायांचा जवळजवळ एक किलो स्नायू जातो असं अभ्यासात दिसलंय. सून प्रेमाने पाणी हातात देत होती आणि पाय जात होते. तिला मी दोष देत नाही, आपल्याकडे सेवा म्हणजे म्हाताऱ्याला जागेवरून हलू न देणं असंच शिकवलंय.

मग मी त्यांना माझ्या ओळखीच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे पाठवलं, पहिल्या दिवशी मी पण गेले. मॅडमने आधी मशीनला हात लावला नाही. खुर्ची भिंतीला टेकवली, हात छातीवर बांधायला सांगितले आणि म्हणाल्या पाच वेळा उठा-बसा. आशियातल्या तज्ज्ञांनी २०१९ मधे धरलेला हिशोब असा की १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांकडे लक्ष द्यायला हवं. आप्पांना हात न टेकता जमलंच नाही, हात टेकून २२ सेकंद लागले. पोटरीचा घेर टेपने मोजला, पुरुषांना ३४ सेंटिमीटरच्या खाली असेल तर शंका घ्यायची, आप्पांचा ३१ निघाला. पेसमेकर आहे का, फिट येते का, पायात रक्ताची गाठ झाली होती का, हे सगळं विचारून घेतलं.

मग धोतर वर सरकवून उजव्या मांडीवर पॅड लावले. हळूहळू वाढवत गेल्या, मुंग्या, मग जोराच्या मुंग्या, आणि मग एकदम मांडीचा पुढचा स्नायू गोळा होऊन वर आला. आप्पा दचकले नाहीत. त्यांनी तळहात त्यावर ठेवला. चार सेकंद घट्ट, मग सैल, परत घट्ट. पाच-सहा वेळा तसंच बघत राहिले आणि अहिराणीत स्वतःशीच म्हणाले, "लाइन चालू शे." मला वाटलं होतं हा स्नायू मेलाय, असं ते नंतर म्हणाले. त्यांच्या मनात पाय म्हणजे भंगारात काढलेलं इंजिन होतं.

मॅडम म्हणाल्या, आता करंट आला की तुम्ही पण पाय ताणा, दोघांनी मिळून. आप्पांनी ताणला. दोन आठवडे असं झालं, आठवड्यातून दोनदा, आणि सोबत खुर्चीतून उठणं, आधी उशी ठेवून उंच केलेल्या खुर्चीवरून.

पाचव्या-सहाव्या भेटीत मी तो प्रश्न विचारला जो माझ्या मनात क्लिनिकमधेच आला होता. "आप्पा, मशीनची मदत घेऊन पाय ताणता तर चालतं. मग पोराने हात दिला तर का चालत नाही?"

मी गप्प बसले. अशा वेळी समुपदेशकाने बोलून घाण करू नये. बाहेर रिक्षा गेली, पंखा फिरत होता, त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मशीन देखस का माले? पोऱ्या देखस."

मशीन बघत नाही मला, पोरगा बघतो. एवढंच म्हणाले आणि डोळे भरले. पोराच्या डोळ्यात त्यांना स्वतःचं म्हातारपण दिसत होतं, ते त्यांना सोसत नव्हतं. मी कितीही पुस्तकं वाचली असती तरी इतक्या कमी शब्दांत मला ते सांगता आलं नसतं. पण हे बाहेर येईपर्यंत मी घाई केली नाही याचं मला समाधान आहे.

त्यानंतर काम सोपं झालं. मुलाला पुण्याहून बोलावलं, दोघांना समोरासमोर बसवलं. मुलगा म्हणाला, "आप्पा, मी घाबरलो होतो त्या दिवशी, मला वाटलं तुम्ही पडाल." आप्पांना वाटत होतं पोराला लाज वाटली. वर्षभर दोघं वेगवेगळ्या गोष्टी मनात धरून बसलेले! मग एकच नियम ठरवला. काखेत हात घालून उचलायचं नाही. हात पुढे धरायचा आणि थांबायचं, आप्पा धरतील तेव्हा धरतील. आणि सुनेला सांगितलं, पाण्याचा तांब्या आता स्वयंपाकघरातच राहू दे.

आता मशीनबद्दल विचारतात त्यांच्यासाठी, मला जे कळलंय ते सांगते. मशीन थोतांड नाही. जर्मनीत एर्लांगनच्या विद्यापीठात सत्तरीच्या पुढच्या लोकांवर पूर्ण अंगाच्या ईएमएसचे अभ्यास झालेत, आठवड्याला साधारण दीड सेशन, २० मिनिटांच्या आसपास, आणि स्नायूत फरक दिसला, पण तिथे सेशन प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीत होतात. ज्यांना गुडघ्यामुळे, ऑपरेशनमुळे किंवा दम लागतो म्हणून व्यायाम करवतच नाही त्यांना याचा खरा उपयोग. ज्याला उठता येतं त्याने उठावं, १९९० मधे अमेरिकेत नव्वदीच्या आसपासच्या म्हाताऱ्यांनी आठ आठवडे वजनं उचलून पायांची ताकद दुपटीहून जास्त केलीय, त्यांना काही करंट लावला नव्हता. दुखण्यासाठीचं टेन्स मशीन वेगळं, त्याने स्नायू वाढत नाही, दुकानात दोन्ही एकच म्हणून विकतात तेव्हा नीट विचारा. पेसमेकर असेल, फिट येत असतील तर लावूच नका. आणि पहिल्याच दिवशी जोरात लावू नका, स्नायू इतका तुटू शकतो की किडनीवर येतं, लघवी चहासारखी गडद झाली तर थेट हॉस्पिटल गाठा. खाण्याचं पण बघा, म्हाताऱ्या माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन रोज लागतं, ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. आप्पा रात्री नुसतं दूध-भाकरी खाऊन झोपायचे. आता कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, घट्ट डाळ, दही, शेंगदाण्याची चटणी, आणि अंडं त्यांना चालतं म्हणून रोज एक. किडनीचा त्रास असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच.

चार महिन्यांनी आप्पांचं पाच वेळा उठणं-बसणं हात न टेकता १४ सेकंदांवर आलंय. १२ च्या आत अजून नाही. मधे मे महिन्यात उन्हाने आजारी पडले तेव्हा परत मागे गेले होते, तेव्हा घाबरून फोन आला, मी म्हटलं थांबा, आठवड्यात परत सुरू करा, केलं.

त्यांनी शेडमधल्यासारखं एक रजिस्टर केलंय, पट्टीने रेघा मारलेलं. तारीख, करंट किती, खुर्ची किती वेळा. मागच्या भेटीला ते घेऊन आले होते. त्यात एक चौथा रकाना होता, जो मी सांगितला नव्हता, फिजिओ मॅडमनेही नाही. वर लिहिलं होतं, हात मागितला. त्या महिन्यात चार रेघा होत्या. त्यातल्या एकीच्या पुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, पंगत.