कॅन्सरच्या पेशी 'विनॉक्सिश्वसन' करतात का?

नागपूरच्या एका विज्ञान शिक्षिकेचा प्रश्न: जनजागृतीच्या पत्रकात 'कॅन्सरच्या पेशी विनॉक्सिश्वसन करतात, कारण त्यांच्या तंतुकणिका बिघडलेल्या असतात' असं छापायचं आहे (तंतुकणिका म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, पेशीतला ऊर्जा बनवणारा भाग). शब्द बरोबर आहे ना?

ताई, शब्द चांगला, पण इथे बसत नाही. 'विना' अधिक 'ऑक्सि' (व्याकरणवाले नाक मुरडोत, मला हा संधी आवडतो) म्हणजे ऑक्सिजन नसताना. यीस्टला लावा, धावून दमलेल्या स्नायूला लावा. कॅन्सरची तऱ्हा निराळी. जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वॉरबर्ग यांना १९२०च्या दशकात दिसलं ते असं, की ऑक्सिजन मुबलक असूनही गाठीच्या पेशी ग्लुकोजचं लॅक्टिक आम्ल करत सुटतात. त्यात एका ग्लुकोजमागे एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) निव्वळ २. तंतुकणिकेत पूर्ण जाळलं तर ३०च्या आसपास. तेव्हा 'ऑक्सिजन असूनही ग्लुकोज-विघटनावर भर' असं लिहा. लांबडं आहे, पण खरं आहे. 'किण्वन'ही चालेल, फक्त वाचकाला आधी दारूच आठवेल!

'कारण'पासून पुढचं मात्र खोडाच. बिघाडाची कल्पना वॉरबर्ग यांचीच होती, पण बहुतेक गाठींत तंतुकणिका चालू असतात. घोळ 'पेशीचं ऊर्जाकेंद्र' या पाठ्यपुस्तकी शब्दानं होतो. आपल्याला कोराडीचं वीजकेंद्र दिसतं, आणि कोराडीतून आपण विजेचीच अपेक्षा करतो. तंतुकणिका मालही पुरवते. क्रेब चक्रातलं (तंतुकणिकेत अन्न जाळणारी रासायनिक साखळी) सायट्रेट बाहेर पडून मेद बनवायला जातं, तिथेच तयार होणारं अ‍ॅस्पार्टेट डीएनएचे घटक घडवायला. भराभर दुप्पट होणाऱ्या पेशीला हा माल हवाच. तंतुकणिकेतला डीएनए काढून टाकलेल्या कॅन्सरपेशी उंदरांना टोचल्या, तर गाठ धरायला उशीर लागला. आणि धरली तेव्हा त्या पेशींत चक्क उंदराच्या तंतुकणिकांचा डीएनए सापडला. हे २०१५ सालचं.

पेट स्कॅनच्या रांगेत लोक 'गाठ साखर खेचते' म्हणतात, ते बिनधास्त घ्या. त्या तपासणीत किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर देतात. पेशी ती आत घेते, पण पुढे पचवू शकत नाही, म्हणून ती तिथेच अडकून चित्रात उजळते. मात्र त्याला जोडून 'साखर सोडली की गाठ उपाशी मरते' असं कुणी सुचवलं, तर छापू नका. यकृत ग्लुकोज बनवतच राहतं, आणि अनेक गाठी ग्लुटामिन या अमिनो आम्लावरही भागवतात.