शास्त्रज्ञांचे निष्कर्ष छापून आलेले असताना त्यांच्या जुन्या प्रयोगवह्या आणि यंत्रांचे कागद एवढे जपून का ठेवतात?

तुम्ही विचारलंय की मेरी क्युरी, अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग वगैरे मंडळींनी जे शोधलं ते शोधनिबंधांत आणि पाठ्यपुस्तकांत आलेलंच आहे, मग त्यांच्या पिवळ्या पडलेल्या वह्या आणि यंत्रांचे कच्चे आराखडे यांच्यावर ग्रंथालयं एवढा पैसा कशाला घालतात?

मी इतिहासकार नाही. औषध कारखान्यांच्या क्यूसी (मालाचा दर्जा तपासणाऱ्या) लॅबमध्ये तीस वर्षं काढलेला केमिस्ट आहे, त्यामुळे उत्तर त्याच बाजूने देतो.

आमच्याकडे ऑडिट असलं की बाहेरून आलेला माणूस चकचकीत रिपोर्ट हातात घेतो, एक पान उलटतो आणि म्हणतो, "रॉ डेटा काढा." मग वही निघते. कुठल्या काट्यावर वजन केलं, पीएच मीटर (आम्लता मोजणारं यंत्र) सकाळी कुठल्या बफरने (ठराविक पीएचच्या द्रावणाने) लावलं, कोणता आकडा खोडला. खोडायचा तो एकाच रेघेने, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. व्हाइटनरची बाटली लॅबमध्ये सापडली तर तुमची खैर नाही. छापलेला शोधनिबंध म्हणजे तो रिपोर्ट. वही म्हणजे रॉ डेटा. आकडा काय आला हे निबंध सांगतो. तो देणाऱ्या यंत्रावर भरवसा का ठेवायचा, याचं उत्तर बहुतेक वेळा वहीतच असतं.

पीएच मीटरचंच घ्या. मी आयुष्यात हजारो वेळा ते लावलं असेल. काचेचा तो नाजूक फुगा पाण्याने धुवायचा, टिश्यूने टिपायचा (पुसायचा नाही, टिपायचा!), ७ च्या बफरमध्ये बुडवायचा. ही पेटी लिंबाच्या रसापायी जन्माला आली, हे मात्र मला नोकरीत बरीच वर्षं काढल्यावर कळलं.

१९३४ साली ग्लेन जोसेफ नावाचा केमिस्ट कॅल्टेक विद्यापीठातल्या अर्नोल्ड बेकमनकडे आला. दोघे इलिनॉयच्या कॉलेजातले जुने सोबती. जोसेफ कॅलिफोर्नियातल्या फळबागायतदारांच्या संघासाठी काम करायचा. त्याला लिंबाच्या रसाची आम्लता मोजायची होती, पण रस टिकवायला त्यात सल्फर डायऑक्साइड घातलेला असे. त्याने लिटमसचा रंगच उडायचा आणि हायड्रोजन इलेक्ट्रोडही बिघडायचा. काचेचा इलेक्ट्रोड (तोच तो फुगा) तेव्हा ठाऊक होता, पण काचेचा विद्युतरोध कोट्यवधी ओमचा. त्यातून येणारा प्रवाह इतका क्षीण की प्रवाह दाखवणाऱ्या गॅल्व्हनोमीटरचा काटा हलवायचा तर फुगा मोठा आणि पातळ करावा लागे. मोठा आणि पातळ फुगा म्हणजे आज ना उद्या फुटणारच.

बेकमनने प्रश्न उलटा धरला. फुगा जाड आणि मजबूत राहू दे, सिग्नल आपण वाढवू. दोन व्हॅक्यूम ट्यूब लावून त्याने अँप्लिफायर केला आणि पुढे दणकट मीटर जोडलं. जोसेफ यंत्र घेऊन गेला आणि काही काळाने परत आला. यंत्र बिघडलं होतं म्हणून नाही. लॅबमधले बाकीचे लोक ते सारखे उचलून न्यायचे आणि त्याच्याच हाताला लागायचं नाही, म्हणून त्याला दुसरं हवं होतं! ऑक्टोबर १९३४ मध्ये पेटंटचा अर्ज गेला, १९३६ मध्ये ते मिळालं. किंमत १९५ डॉलर, त्या काळी चांगलीच मोठी रक्कम. १९४१ मध्ये बेकमनच्या कंपनीने डीयू स्पेक्ट्रोफोटोमीटर आणला, म्हणजे पदार्थ किती प्रकाश शोषतो यावरून त्याचं प्रमाण सांगणारं यंत्र. त्याआधी व्हिटॅमिन ए मोजायचं म्हणजे उंदरांना खाऊ घालून तीन आठवडे वाट बघायची. ते काम मिनिटांवर आलं.

बेकमनचा पहिला धंदा काय होता माहितेय? शाई. टपालाच्या छपाई यंत्रात सुकून बसणार नाही अशी शाई त्याने बनवली, पण तिच्यात ब्युटिरिक आम्ल होतं. त्याला खवट लोण्याचा वास येतो, त्यामुळे कुठलाही शाईवाला ती करायला तयार होईना. म्हणून त्याला स्वतःच कंपनी काढावी लागली आणि त्याच कंपनीने पुढे पीएच मीटर विकलं. पाठ्यपुस्तकात हे येत नाही, यायची गरजही नाही. पण रसायनशास्त्रातली यंत्रं कुठल्या वाटेने आली हे समजून घ्यायचं तर वाट वासासकट कळलेली बरी. बेकमन आणि त्याच्या कंपनीच्या कागदांचा मोठा संग्रह आता फिलाडेल्फियाच्या सायन्स हिस्टरी इन्स्टिट्यूटमध्ये आहे.

दुसरी गोष्ट पॉलिंगची, तीही पुन्हा बेकमनपाशीच येते. ३ ऑक्टोबर १९४० ला वॉशिंग्टनमध्ये सरकारची एक बैठक झाली. लष्कराला पाणबुडीतल्या हवेत ऑक्सिजन किती उरलाय हे पटकन सांगणारं काहीतरी हवं होतं. पॉलिंगच्या डोक्यात लगेच चुंबक आला. ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो, नायट्रोजन जात नाही. (द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ओतला की तो तिथेच लटकून राहतो. कधी संधी मिळाली तर बघाच.) घरी परतल्यावर थोड्याच काळात त्याने आणि सहकाऱ्यांनी नमुना उभा केला. काचेच्या दोन इवल्या पोकळ गोळ्या, डंबेलसारख्या जोडलेल्या, क्वार्ट्झच्या केसासारख्या धाग्यावर चुंबकाच्या टोकांमध्ये टांगलेल्या, आणि एक चिमुकला आरसा. हवेतला ऑक्सिजन बदलला की डंबेल किंचित वळतं आणि आरशावरून परतलेला प्रकाशाचा ठिपका पट्टीवर सरकतो. कल्पना साधी. पण ते डंबेल करायचं कोणी? त्या गोळ्या फुंकायला बेकमनला इवलंसं काचफुंकणीचं यंत्र घडवावं लागलं. लढाई संपल्यावर हेच मीटर अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या पेटीत कामाला आलं, कारण तिथे ऑक्सिजन जास्त झाला तर बाळाची दृष्टी जाऊ शकते.

चुंबकाने रसायन मोजण्यात आपलंही माणूस होतं. शांतिस्वरूप भटनागर आणि माथुर यांनी १९२८ मध्ये पदार्थाचे चुंबकीय गुण मोजणारा इंटरफेरन्स बॅलन्स बनवला आणि लंडनच्या अ‍ॅडम हिल्गर कंपनीने तो बाजारात आणला. भटनागर हे नाव आपल्याला पुरस्कारामुळे माहीत असतं, यंत्रामुळे नाही. हे मला तरी खटकतं.

पॉलिंगच्या ४६ संशोधन वह्या ओरेगन स्टेट विद्यापीठात आहेत. त्या स्कॅन करून कोणालाही फुकट वाचायला ठेवल्यात.

आता क्युरी. तुमच्या प्रश्नात त्यांचं नाव पहिलं आहे आणि "एवढा खर्च" म्हणताना बहुधा त्यांच्याच वह्या तुमच्या डोळ्यांसमोर असतील. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात त्या शिशाचं अस्तर लावलेल्या पेट्यांत ठेवल्यात, कारण पानांवर रेडियम आहे आणि रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं. बातम्यांत एवढंच येतं. माझं लक्ष दुसरीकडे जातं.

मेरी क्युरींची पद्धत बघा. पदार्थाची पूड ८ सेंटिमीटरच्या धातूच्या तबकडीवर पसरायची, तिच्यावर ३ सेंटिमीटर अंतरावर दुसरी तबकडी, मध्ये १०० व्होल्ट. किरणांमुळे हवेतून जो नाममात्र प्रवाह वाहतो तो इलेक्ट्रोमीटरने पकडायचा. हा प्रवाह थेट वाचता येत नाही. मेरींचा नवरा पियेर आणि त्याचा भाऊ जाक यांनी १८८० मध्ये दाखवलं होतं की क्वार्ट्झच्या स्फटिकावर ताण दिला की विद्युतभार तयार होतो. तर स्फटिकाला हळूहळू वजनं टांगायची, त्या भाराने प्रवाहाचा परिणाम तोडीस तोड काढायचा, प्रकाशाचा ठिपका शून्यावरून हलू द्यायचा नाही, आणि दुसऱ्या हातात स्टॉपवॉच. एक हात वजनावर, एक घड्याळावर, डोळे ठिपक्यावर. ज्याने मायक्रोबॅलन्सवर (अतिसूक्ष्म वजनं मोजणाऱ्या काट्यावर) काम केलंय त्याला विचारा, शेजारी कोणी दार उघडलं तर काय होतं ते. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे दमट कोठीची खोली. फेब्रुवारी १८९८ मधल्या एका पानावर तापमान लिहिलंय ६.२५ अंश, आणि पुढे उद्गारचिन्हांची रांग. माझ्या मते हे त्या वहीतलं सर्वांत मोलाचं वैज्ञानिक निरीक्षण नसेल, पण ते वाचल्यावर पुढचे आकडे वेगळे दिसतात.

कारण आकडे असे आले. युरेनियम धातूला २४ (एककं सोडा), आणि एका खाणीच्या पिचब्लेंडला (युरेनियमच्या खनिजाला) ८३. खनिजात युरेनियम धातूपेक्षा कमी, मग प्रवाह तिप्पट कसा? अशा वेळी कुठल्याही शहाण्या केमिस्टला पहिला संशय यंत्राचा येतो. त्यांनी पुन्हा मोजलं. चाल्कोलाइट या दुसऱ्या खनिजालाही दुपटीहून जास्त आलं. मग तेच चाल्कोलाइट शुद्ध रसायनांपासून स्वतः बनवून मोजलं, तर ते इतर युरेनियम क्षारांसारखंच निघालं. म्हणजे यंत्र बरोबर आहे, खनिजातच काहीतरी आणखी आहे. जुलै महिन्यात, १३ तारखेला, पियेरच्या अक्षरात वहीत "पीओ" ही खूण येते. पोलोनियम या नव्या मूलद्रव्याची घोषणा झाली १८ जुलैला. या वह्यांत दोघांची अक्षरं एकाच पानावर आलटून पालटून येतात. हे काम खरं तर नवऱ्याचंच, असं म्हणणारे तेव्हाही होते आणि अजून भेटतात. त्यांच्यासाठी एवढी पानं पुरेत.

वह्या न वाचल्याने काय होतं याचा नमुना म्हणजे इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिश. माणूस कमालीचा बुजरा, छापायचं फार थोडं. १८१० मध्ये तो गेला. विजेवरची त्याची टिपणं मॅक्सवेलने संपादित करून १८७९ मध्ये छापली, तेव्हा दिसलं की ओहमचा नियम याने ओहमच्या कितीतरी आधी गाठला होता. गॅल्व्हनोमीटर नव्हतं, म्हणून झटका किती बसला हे तो स्वतःच्या अंगावर घेऊन ठरवायचा. टिपणं छापून येईपर्यंत बाकीच्यांचं ते सगळं नव्याने शोधून झालं होतं.

आणि कागद जातातही. ऑक्टोबर २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता रोजाच्या वणव्यात ह्यूलेट आणि पॅकार्ड (एचपी कंपनीचे संस्थापक) यांच्या कागदपत्रांची शंभराहून जास्त खोकी जळाली. इलेक्ट्रॉनिक मोजमापाची यंत्रं ज्या दोघांनी घराघरात नाही तरी लॅबलॅबमध्ये पोचवली, त्यांचा पत्रव्यवहार.

आमच्याकडे वणवा लागला नव्हता, भंगारवाला आला होता. मी तेव्हा ज्या कारखान्यात होतो तिथे लॅब दुसऱ्या इमारतीत हलवली. जुना स्पेक्ट्रोफोटोमीटर नेला, त्याची लॉगबुकं मुदत संपली म्हणून पोत्यात भरून गेली. त्यांत आमच्या एका सीनियरने वर्षानुवर्षं समासात बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं: पावसाळ्यात दिवा लावल्यावर चाळीस मिनिटं थांबा, आधी शून्य टिकत नाही. मॅन्युअलमध्ये वीस मिनिटं होती. पुढच्या जुलैत नवीन पोरं रोज सकाळी तेच सँपल दोनदा-तीनदा लावायची, आकडे जुळायचे नाहीत, इंजिनिअर दोनदा येऊन गेला, दिवा बदलला, क्युवेट (सँपल ठेवायची पारदर्शक भांडी) बदलल्या. सप्टेंबरात एक मुलगी चहाला गेली आणि गप्पांत अडकून उशिरा परतली. त्या दिवशी पहिल्याच फटक्यात आकडा जुळला. तिने ते स्वतःच्या वहीत लिहिलं, सही केली आणि मला दाखवायला आणलं.